अगत्तीला चाळीस जणांनी जावं का?

कृष्णाकाठची
जानेवारीत आम्ही घरचे चौघं लक्षद्वीपला, अगत्ती आणि बंगारामला, पाच दिवस जाऊन आलो. फोटो बघून भिशीतल्या बायका, सोसायटीतली दोन-तीन कुटुंबं आणि हरिपूरचे पाहुणे असे मिळून ४० जण पुढच्या फेब्रुवारीत जायचं म्हणतायत. सगळं मी ठरवावं असा आग्रह आहे. घरातच यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथं विचारते. माझं मत आधीच सांगते: जावं.

कारण बाबा. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या घरात जिन्याची नववी पायरी बुडाली होती. त्यानंतर बाबा नदीकडे फिरकले नाहीत, हरिपूरच्या संगमावरसुद्धा नाही. अगत्तीला लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्यानं अडवलेल्या उथळ पाण्यात, पहिल्या दिवशी ते घोट्यापर्यंत उतरले. तिसऱ्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, मास्क लावून त्यांनी तोंड बुडवलं. वर आले आणि म्हणाले, "अगं, खाली कुरुमकुरुम आवाज येतोय." पोपटमासे प्रवाळ खरवडून खातात, त्याचा तो आवाज. त्यांच्या पोटातून पडणाऱ्या चुऱ्याचीच तिथली बरीचशी पांढरी वाळू झालेली असते. बाबा संध्याकाळपर्यंत तेवढंच बोलत होते. हे ज्याला मिळू शकतं त्याला मी कसं थांबवू?

भूगोलाचा मास्तर, मिरज
ताई, बाबांचं वाचून फार बरं वाटलं. तरीही ही सहल नेऊ नका असंच म्हणेन.

प्रवाळ हा जीव आहे आणि त्याच्या अंगात शैवाल राहतं. बहुतेक अन्न त्याला त्या शैवालाकडून मिळतं. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठ्या प्रमाणावर झालं, २०२४ मध्ये पुन्हा झालं. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांच्या २४ वर्षांच्या पाहणीत जिवंत प्रवाळ सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या खाली आला. म्हणजे निम्मा गेला.

आणि ती बेटं प्रवाळावरच उभी आहेत. कडा खचला की लाट थेट किनाऱ्यावर येते. तुम्ही राहिलात त्या बंगारामच्या शेजारचं पराळी-१ हे निर्मनुष्य बेट झिजत झिजत पाण्याखाली गेलं. पहिल्यांदा पाण्यात उतरलेला माणूस घाबरला की आधी पाय टेकतो. प्रवाळाचा गोल दगडासारखा प्रकार वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्याच्यावर एक टाच बसली की किती वर्षं गेली याचा हिशेब करा. आजारी माणसाच्या खोलीत आपण ४० जण भेटायला जात नाही.

गलाईवाला, विटा–एर्नाकुलम
मास्तर, तुमचे आकडे खरे असतील, पण तिथल्या माणसांचं काय?

आमच्या विटा-खानापूरकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलीत. मी २२ वर्षं केरळात आहे. अगत्तीची, आंद्रोतची माणसं दवाखान्याला आणि लग्नाच्या खरेदीला कोचीलाच येतात, दुकानात बसतात, बोलतात. त्यांचं पोट नारळ आणि टुना माशावर. तेही कसं, गळाच्या काठीनं एकेक मासा ओढायचा, जाळ्यानं समुद्र खरवडायचा नाही. पावसाळ्यात ते बंद. मग पोरानं बोट चालवून, पाहुण्यांना काचेच्या तळाच्या बोटीतनं फिरवून चार पैसे मिळवले तर आपल्याला का खुपावं? २०२१ ला ती माणसं प्रशासनाच्या नव्या नियमांविरुद्ध उभी राहिली. मुख्य भांडण जमिनीवरच्या त्यांच्या हक्काचं होतं, पाहुण्याशी न्हाई.

तरी एक सांगतो ताई, ४० जणांची तिकिटं एकाच जहाजाची काढू नका. जहाजं कमी पडतात. बाळंतपणाला, डायलिसिसला येणारी बाई बंदरावर ताटकळलेली मी बघितलीय.

बहेचा
बेटच बघायचं तर आपलं बहेचं रामलिंग बेट काय वाईट आहे? कृष्णेच्या मधोमध देऊळ, समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक, आणि इस्लामपुरातनं अर्ध्या तासात पोचता.

कृष्णाकाठची
@बहेचा, दर श्रावणात जातो आम्ही. पण नदीचं बेट आणि समुद्राचं बेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाची भूक दुसऱ्यानं भागत नाही.

मास्तर, प्रवाळ आमच्या पायांनी मेला नाही हे तुम्हीच लिहिलंय, तो उष्णतेनं मेला. ती उष्णता आपण सांगलीत बसूनही वाढवतोच. आणि आम्हाला बोटवाल्यानं आधी वाळूवरच तरंगायला शिकवलं, लाइफ जॅकेट घातल्यावर पाय आपोआप वर राहतात. शंख-शिंपलासुद्धा उचलू दिला नाही. प्रवाळाला कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण आहे, हे मला तिथं कळलं.

जतची सून
कुणी पाण्याचं बोललं नाही म्हणून लिहिते. समुद्राच्या नव्हे, प्यायच्या.

माझं सासर जतच्या पूर्व भागात. टँकर आला की पोरं शाळा सोडून घागरी घेऊन पळायची, त्यामुळे कुठंही गेलं की माझं लक्ष आधी नळाकडं जातं. प्रवाळाच्या बेटावर नदी नाही, ओढा नाही, तलाव नाही. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. दुधावर साय धरावी तसा तो थर. विहिरीतून हळू शेंदलं तर गोडं मिळतं, मोटर लावून ओढलं की खालचं खारं वर येतं, आणि शौचालयाचं पाणीही त्याच वाळूत मुरतं. म्हणून अगत्तीला २०११ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प बसवला, दिवसाला एक लाख लिटरचा. वरचं कोमट पाणी निर्वात टाकीत सोडून त्याची वाफ करायची आणि साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या गार पाण्यानं त्या वाफेचं पुन्हा पाणी करायचं. हुशारीचं काम आहे. पण त्याला वीज लागते, आणि तिथली बरीचशी वीज बोटीनं आणलेल्या डिझेलवर चालते. बेटावर साडेसात हजार माणसं. आता भागा.

ताई, एक विचारते, राग मानू नका. तुम्ही चौघांनी रोज किती पाणी वापरलं?

कृष्णाकाठची
राग नाही. मोजलं नव्हतं, पण आठवलं ते सांगते. खारं अंग चिकचिकतं म्हणून दिवसातून दोनदा आंघोळ केली, डोक्यावरूनही. पोहायचे कपडे रोज धुतले. प्यायला बाटल्या विकत घेतल्या, पाच दिवसांत तीसेक झाल्या असतील, आणि त्या पुढं कुठं गेल्या हे मी विचारलंसुद्धा नाही. पुरानंतर आम्ही १५ दिवस बाटलीबंद पाण्यावर काढले होते. बाटल्यांचा ढीग गल्लीच्या तोंडाशी महिनाभर पडून होता आणि मी रोज त्याला नाक मुरडत होते. हे मला अगत्तीत आठवायला हवं होतं.

भूगोलाचा मास्तर, मिरज
तुम्ही हे लिहिलंत याबद्दल आदर वाटतो. म्हणूनच पुन्हा विनंती, थांबा. निदान २०२४ मधून तिथला प्रवाळ सावरेपर्यंत.

गलाईवाला, विटा–एर्नाकुलम
आणि तोवर बोटवाल्यानं काय खायचं, मास्तर? १९९८ नंतर सावरायला लागला तोवर २०१० आलं, त्यातनं उठतोय तोवर २०१६. तुमच्या हिशेबानं जायची वेळ कधीच येणार नाही.

भूगोलाचा मास्तर, मिरज
कदाचित येणार नाही. मला त्याचं दुःख आहे. वर्गात नकाशावर ते ठिपके दाखवतो तेव्हा मुलं विचारतात, सर तुम्ही गेलाय का? जावंसं मलाही फार वाटतं.

कृष्णाकाठची
काल भिशीत सांगितलं की ४० जणांची सहल मी काढणार नाही. तिघी-चौघी नाराज झाल्या, एक तर बोलेनाशी झालीय. ज्यांना जायचंय त्यांनी आठ-आठच्या गटानं, वेगवेगळ्या महिन्यांत जावं. पाण्याची बाटली घरून न्यावी आणि तिथं भरून घ्यावी, आंघोळ एकदाच, बादलीनं, आणि उन्हाचं क्रीम फासण्याऐवजी पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाण्यात उतरावं. प्रवेश परवान्याचे कागद मी सगळ्यांना करून देईन. पहिल्या गटात मी आणि बाबा आहोत. मास्तर, तुमच्यासाठी एक जागा ठेवलीय.

जतची सून
आठ जण चालतील. पण एप्रिल-मेमध्ये नको, पावसाच्या आधी गोड्या पाण्याचा तो थर सगळ्यात पातळ असतो.

भूगोलाचा मास्तर, मिरज
जागा दुसऱ्या कुणाला द्या, ताई. मी येणार नाही. बाबांना मात्र सांगा, तो आवाज रेकॉर्ड करता आला तर आणा. वर्गात ऐकवीन.

गलाईवाला, विटा–एर्नाकुलम
ताई, मिरजेहून पूर्णा एक्स्प्रेसनं याल तर स्टेशनवर मी येतो. जहाज लागेपर्यंत बाबांची सोय आमच्या घरी. भाकरी मिळेल, येताना तेवढी शेंगदाण्याची चटणी आणा.