गोळी आणि चहा यात अंतर ठेवा आधी

ताई, वर्षभर थायरॉईडची गोळी चालू असून वजन हलेना म्हणून तुम्ही कोबी-फ्लॉवरपण बंद केलाय हे वाचून राहवेना. शिजवलेला कोबी नेहमीएवढा खाल्ला तर थायरॉईडला काही होत नाही ओ, बिनधास्त खावा. त्यापेक्षा गोळी कशी घेताय ते बघा. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहासुद्धा नको. आपल्याकडं कोल्हापुरात सकाळी उठून कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध प्यायची सवय, माझ्या आईचं तेच चालायचं, गोळी टाकली की लगेच दुधाचा ग्लास, मग गोळी अंगाला कशी लागणार? कॅल्शियम नाहीतर लोहाची गोळी असेल तर मध्ये ४ तास जाऊ द्या. डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, परत बघतात.

आणि एक, थायरॉईडमुळं वाढलेलं वजन बहुतेक वेळा २ ते ४ किलोच असतं, त्यातही पाणी बरंच, बाकीचं खाण्यानं आणि चालण्यानंच उतरतं. रंकाळा तलावावर फिरायला जाताच तर जरा दम लागेल असं चाला, आठवड्यातनं दोनदा वजनं उचला. मटण असलं की पांढरा रस्सा वाटीभरच, भाकरी एक, फोडी मात्र खावा, प्रोटीन पाहिजेच. वजनासाठी डोस मनानं वाढवू नका प्लीज, हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात. शेवटचा टीएसएच किती आलाय ते लिहा की.