मेड्युलोब्लास्टोमा, मुलगी 5 वर्षांची: रेडिएशनआधी काय विचारून घ्यावं?

पंचवटीकर
भाचीची मेंदूतली कॅन्सरची गाठ (मेड्युलोब्लास्टोमा) ऑपरेशनने पूर्ण निघाली, पसरलेली नाही. डोकं आणि पूर्ण कण्याला रेडिएशन सांगितलंय, नंतर सिस्प्लॅटिन या औषधाची केमो. नाशिकमध्येच नेहमीचं एक्स-रेचं रेडिएशन करावं की प्रोटॉन किरणांच्या रेडिएशनसाठी खारघरला (टाटाचं केंद्र) न्यावं? उंची खुंटते, ऐकू कमी येतं म्हणतात, ते कितपत टाळता येतं?

किरणमापक
न पसरलेल्या गाठीला डोकं-कणा 23.4 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), मग गाठीच्या जागेला एकूण 54 ग्रेपर्यंत. रोज 1.8, म्हणजे 30 सिटिंग, सहा आठवडे. प्लॅन तयार झाला की कॉक्लियाला (आतल्या कानाचा ऐकण्याचा भाग) सरासरी किती जातंय ते विचारा. 35 ग्रेच्या आत हवं, आणि ऐकणं बिघडवणारं सिस्प्लॅटिनही असल्याने जितकं कमी तितकं बरं. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) सुरुवातीला आणि प्रत्येक सिस्प्लॅटिनआधी.

प्रोटॉन कण्यापलीकडे जवळपास थांबतो, त्यामुळे थायरॉइड, हृदय, आतडी, अंडाशय वाचतात. कण्याची वाढ मात्र वाचत नाही. लहान मुलांत मणका मुद्दाम पूर्ण घेतात. अर्धाच घेतला तर पाठ वाकडी वाढते. नंबर लांबत असेल तर थांबू नका. ऑपरेशननंतर चार-पाच आठवड्यांत सुरू झालंच पाहिजे आणि मध्ये खाडे नकोत. खारघर ठरलं तर तिथेच राहा. उपाशी पोराला रोज कसारा घाटातून नेणं जमण्यासारखं नाही.

पंचवटीकर
उपाशी म्हणजे? रोज भूल?

भूलवाली
बहुतेक हो, पण पाच वर्षांची काही मुलं डोकं स्थिर धरणाऱ्या मास्कची सवय केली तर भुलीशिवायही पडून राहतात. आधी दोन-तीनदा सराव मागा. भूल असेल तर जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास. सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, नाहीतर पोर दुपारपर्यंत भुकेलं राहतं आणि वजन घसरतं.

हॉर्मोनवाला
दर 6 महिन्यांनी उंची, उभी आणि बसून दोन्ही. बसून मोजली नाही तर धड आखूड राहतंय हे कळत नाही. थायरॉइडला नुसतं टीएसएच (पिट्युटरीतून थायरॉइडला हुकूम देणारं हॉर्मोन) करून सोडतात, तिथेच फसगत होते: दोष पिट्युटरीत (मेंदूखालची हॉर्मोन ग्रंथी) असेल तर टीएसएच नॉर्मल येतं. फ्री टी-4 (थायरॉइडचं स्वतःचं हॉर्मोन) सोबत हवंच, वर्षातून एकदा तरी. दुसरा चकवा म्हणजे 8 वर्षांआधी सुरू झालेली वयात येण्याची प्रक्रिया. पोरगी झपाट्याने वाढतेय म्हणून घरचे खूश, आणि ग्रोथ हॉर्मोनची कमतरता झाकली जाते. ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन साधारण वर्षभर गाठ परतली नाही की मग विचारात घेतात.

किरणमापक
डिस्चार्ज कार्डावर ‘रेडिएशन पूर्ण’ एवढंच लिहून देतात. एकूण डोस, सिटिंग, कुठल्या भागाला, तारखा आणि सिस्प्लॅटिनचा एकूण डोस लेखी घ्या, प्लॅनची सीडीही.