जुन्या लाकडी स्कीला वॉर्निश मारावं का?

होटगी_रोड: जुनी स्की हाती आली की पॉलिश पेपर मारून वॉर्निश चढवायचं, हे थांबवा. गुलमर्गला गोंडोला, म्हणजे केबल-कार, १९९८ ला आला, वर अफरवट डोंगरापर्यंतचा टप्पा २००५ ला. त्याआधी वरचा उतार गाठायचा तर बहुतेकांना पायीच चढावं लागे. बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या, केबलच्या कंदाहार बाइंडिंगमध्ये ते दिसतं: उतरताना केबल मागच्या हुकांत अडकवली की टाच दाबून राहते, चढताना तिथून काढली की टाच उचलते. हुक कुठे झिजलेत यावरून त्या स्कीनं काय केलं ते कळतं. घासून नवी केबल बसवली की सगळं गेलं.

साखर_पेठ: संग्रहालयातलं शहाणपण सोलापुरात चालत नाही ओ. मे महिन्यात पारा चाळिशीपार, मग पावसाळी दमट हवा. लाकूड आकसतं, स्क्रू ढिले होतात, थर चिकटवलेल्या स्कीचा सरस सुटतो. वाड्याच्या तुळयांना तेल पाजतातच की! वॉर्निश नको तर डबल बॉइल्ड जवसाचं तेल तरी द्या.

होटगी_रोड: तेलानं लाकूड काळवंडतं, वरचा छापाचा शिक्का झाकला जातो. जाड लावलं तर चिकट राहून धूळ धरतं. वर तेलाचं फडकं गोळा करून टाकलं तर आपोआप पेटू शकतं. तेल ओल रोखत नाही, फक्त उशीर करतं. खरी चूक जागेची आहे. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावूच नका. जोडी तळाला तळ लावून दोन्ही टोकांना सैल बांधा, मध्ये लाकडी ठोकळा ठेवा, नाहीतर स्कीची मधली कमान बसते. ढिल्या स्क्रूच्या भोकात सरस लावून बांबूची काडी भरा, दिवसभर वाळू द्या, मग तोच स्क्रू. जाड स्क्रूनं लाकूड चिरतं.

साखर_पेठ: स्क्रूचं मान्य. पण तळाला पाइन टार, म्हणजे पाइनच्या लाकडाचं डांबर, मूळचाच असतो. तो पुन्हा दिला तर बिघडलं कुठे? चामड्याच्या पट्ट्याही कोरड्या ठेवल्या तर तुटणारच.

विजापूर_वेस: मुळात या वस्तू इथे कशाला? जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला तडे गेले, तिथून औलीच्या स्की-उतारांवर जाणारा रोपवे बंद पडला. बोलिव्हियात चाकाल्ताया हिमनदी २००९ पर्यंत संपली, तिथला स्की-उतारही गेला. ठिकाणच बदलतंय, तेव्हा जुन्या खुणा तिथल्याच लोकांकडे राहू द्या.

होटगी_रोड: तिथे ठेवायला कोरडी खोली हवी. बर्फाच्या ओलीत पोलादी कडांना गंज चढतो आणि स्क्रू लाकडातच कुजतात. पट्ट्यांना तेलात बुडवू नका. खोबरेल तर नकोच, खवट होतं, झुरळं येतात. बक्कल सोडून पट्टा सरळ ठेवा, वळलेल्या जागीच तो आधी तुटतो. आणि टार द्यायचाच तर फक्त तळाला, आधी हुकांचे जवळून फोटो काढून.