फियाट 500 सेकंडहँड घ्यावी का? दिसायला गोड आहे पण...

लिंबूटिंबू:
मंडळी सल्ला हवाय. आमची गाडी आता म्हातारी झालीये आणि मला कित्येक वर्षं ती गोल डोळ्यांची फियाट 500 खुणावतेय. नवीकोरी नाही, सेकंडहँड घ्यायचीये, 2012-13 च्या आसपासची, 1.2 पेट्रोल, बजेट बेताचंच आहे. नवऱ्याचं म्हणणं की हे खेळणं आहे, तू नुसते चेहऱ्याचे पैसे देतेयस. घरात आम्ही दोघं आणि दीड वर्षाची मुलगी, रोजचं फिरणं शहरातलंच, महिन्यातून एखाद वेळा हायवे. तर ज्यांनी चालवलीये त्यांनी सांगा ना की त्या जुन्या वळणाच्या रूपापलीकडे हातात नेमकं काय पडतं? आणि प्लीज "मनाला पटेल ते कर" असं लिहू नका, मनाला कधीच पटून बसलीये.

जुनागिअर:
नवरा अर्धा बरोबर आहे, पण त्याच्या अर्ध्यातच तुझा फायदा आहे. सांगतो कसा.

चेहरा बाजूला काढला तर ही गाडी म्हणजे फियाटचीच साधी पांडा. 2003 मध्ये जी पांडा आली तिच्याच प्लॅटफॉर्मवर 500 बेतलीये, बनायची पण पोलंडमधल्या तिखीच्या कारखान्यात, पांडासोबतच. 2008 पासून फोर्डची 'का' सुद्धा त्याच सांगाड्यावर तिथूनच निघायला लागली (हो, गाडीचं नावच 'का' आहे, का ते मला विचारू नका). आणि तू म्हणतेस ते 1.2 चं 69 एचपीवालं इंजिन फायर नावाच्या कुटुंबातलं, पुंतोत तेच, पांडात तेच, त्यामुळे बहुतेक मेकॅनिकांनी ते कधी ना कधी उघडलेलं असतं. म्हणजे सांगायचा मुद्दा, तू हौशी गाडी घेतेयस पण सांभाळायची आहे साध्या गाडीसारखी, बाकी रेट्रो गाड्यांत हे क्वचित जमून येतं.

आणि रेट्रो म्हणजे तरी काय, नुसता पत्रा आणि डॅशबोर्ड. 1957 ची मूळ 500 होती तिचं इंजिन मागे, दोन सिलिंडर, हवेवर थंड होणारं, 479 सीसी आणि ताकद 13 एचपी, लांबी तीन मीटरला पण कमी. नवीत सगळं उलटं, इंजिन पुढे, चार सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं. लाँच मात्र त्यांनी मुद्दाम 4 जुलै 2007 ला केली कारण जुनी बरोबर 50 वर्षांपूर्वी 4 जुलैलाच आली होती. भावनेला हात घालायचं त्यांना चांगलं कळतं.

एकच काम कर, टायमिंग बेल्ट (इंजिनातला रबरी पट्टा) कधी बदललाय त्याचं बिल बघायला माग. किलोमीटर कमी आहेत म्हणून बदलला नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस, रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं.

पिवळीपाटी:
माझ्याकडे सहा वर्षं आहे 1.2, मी पूर्ण पक्षपाती आहे हे आधीच कबूल. सकाळी दार उघडलं की बाहेरच्या रंगाचाच डॅशबोर्ड समोर, आणि मीटर एकच गोल, त्यात बाहेरच्या कड्यावर स्पीड आणि आतल्या कड्यावर आरपीएम, मधे छोटा डिजिटल डोळा. पहिल्या आठवड्यात काटा शोधावा लागतो मग सवय होते. गिअरचा दांडा खाली जमिनीत नाही, वर डॅशबोर्डवरच बसवलाय, स्टिअरिंगवरून हात सुटला की थेट त्यावरच पडतो, हे शहरात इतकं बरं वाटतं की दुसऱ्या गाडीत बसले की हात हवेतच फिरतो. वर सिटी नावाचं बटण आहे, दाबलं की स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं होतं, करंगळीने पार्क करते मी.

आता तक्रारी. स्टिअरिंग फक्त वरखाली होतं, पुढेमागे होत नाही, त्यामुळे नवरा उंच असेल तर त्याचे गुडघे तरी वर येतील नाहीतर हात तरी ताणले जातील. 2015 च्या फेसलिफ्टआधीच्या गाडीत ग्लोव्ह बॉक्सला झाकण नाही, नुसता उघडा कप्पा, जोरात वळलं की चष्मा आणि पावत्या सगळं शेजारच्याच्या मांडीवर. हायवेला शंभरीपर्यंत जायला जवळपास 13 सेकंद घेते, ओव्हरटेक करायचं तर आधीच गिअर उतरवून ठेवायचा, नुसतं पाय दाबून काही होत नाही.

सरळमार्गी:
सगळ्यांनी गोड गोड लिहिलंय म्हणून मी कडू लिहितो. ताई, तुम्हाला दीड वर्षाची मुलगी आहे. 500 ला दारं दोन. चाइल्ड सीट मागे बसणार, म्हणजे रोज पुढची सीट पुढे ढकला, कमरेत वाका, पोर हातात घेऊन आत घुसा, बेल्ट लावा, मागे येताना डोकं छताला आपटून घ्या. पावसात हेच परत. पोर झोपलेलं असेल तर विचारूच नका, मी एका दुसऱ्या दोन दारांच्या गाडीत दोन वर्षं हे केलंय, कंबर अजून आठवण काढते.

आणि गंमत बघा, 2003 ला आलेल्या त्या पांडाची लांबी 3538 मिमी आणि 500 ची 3546. आठ मिलिमीटरचा फरक! पण पांडाला पाच दारं, छत उंच, डिकी 206 लिटर, 500 ची 185. इंजिन तेच, सांगाडा तोच, वर जुनागिअर म्हणतात तसे पार्ट पण तेच, आणि सेकंडहँडमध्ये साधारण स्वस्त पडते. 500 चं छत मागे उतरत जातं ना, ज्यासाठी सगळे वेडे होतात, तेच मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर येतं. मग चेहऱ्याचे पैसे नाहीत तर कशाचे?

पिवळीपाटी:
@सरळमार्गी दारांचं एकदम मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पांडाकडे पार्किंगमधून जाताना मागे वळून कोणी बघत नाही हो. मी रोज बघते. सहा वर्षं झाली तरी.

छप्परउघडं:
मी 500सी वाला, म्हणजे 2009 ला आलेली कापडी छताची. यात बाजूच्या दारांच्या चौकटी जागच्या जागी राहतात, फक्त मधलं कापड बटणाने मागे गुंडाळत जातं, त्यामुळे ऊन हवं तेवढंच घेता येतं. पूर्ण उघडलं की मात्र ती गुंडाळी मागच्या काचेच्या जागी येऊन बसते आणि आरशात फक्त कापड दिसतं. पहिल्याच महिन्यात मी रिव्हर्स घेताना खांबाला घासली, चूक माझीच, मान वळवायचा आळस. तुम्हाला बाबागाडी न्यायचीये तर ही घेऊच नका, डिकीचं तोंड टपालपेटीएवढं आहे.

दोन गोष्टी अजून. डुअलॉजिक गिअरबॉक्सवाली दिसली तर लांब चक्कर मारून बघा. तो खरा ऑटोमॅटिक नाही, आत साधाच क्लच आणि साधाच गिअरबॉक्स, फक्त पायाऐवजी मशीन दाबतं, म्हणून प्रत्येक गिअरला गाडी मान डोलावते. गिअर बदलायच्या क्षणी ॲक्सिलरेटर जरा सोडला तर डुलकी कमी होते, पण हे ज्याला जमलं त्याला मॅन्युअल काय वाईट? आणि कोणी ट्विनएअर गळ्यात मारायला बघेल, दोन सिलिंडर, 875 सीसी, टर्बो, 85 एचपी. आवाज मस्त फटफटीसारखा, 1957 च्या गाडीची आठवण यावी असा, 2011 ला इंजिन ऑफ द इयर पण मिळालं त्याला. पण कागदावरचं मायलेज रस्त्यावर शोधायला गेलात तर हिरमोड होईल, कारण मजा टर्बोत आहे आणि टर्बो पेट्रोल पितो. शहरात तुमचं 1.2 च बरं.

लिंबूटिंबू:
बापरे किती माहिती, थँक्यू सगळ्यांना. सुरक्षेचं कोणी सांगेल का? एका ठिकाणी पाच स्टार वाचलं, दुसरीकडे तीन, दोन्ही युरो एनकॅपचेच (युरोपातली गाड्या आपटून सुरक्षा तपासणारी संस्था).

जुनागिअर:
दोन्ही खरे. 2007 ला पाच मिळाले, सात एअरबॅग होत्या, एवढ्याश्या गाडीला ते तेव्हा भारीच होतं. 2017 ला परत तपासली तेव्हा तीन. मधल्या दहा वर्षांत परीक्षा अवघड झाली आणि गाडी मुळात तीच राहिली. म्हणून 2013 च्या गाडीचे पाच स्टार बघून नव्या गाडीच्या पाचाशी तुलना करू नकोस. आणि बघशील त्या गाडीत ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे का हे विचार, सगळ्या जुन्या गाड्यांत असेलच असं नाही.

लिंबूटिंबू:
अपडेट. काल जाऊन एक बघितली, 2013 ची, फिक्कट हिरवी, आत सीटा क्रीम रंगाच्या. (क्रीम! दीड वर्षाचं पोर!) बाबागाडी सोबत नेली होती. पुढची चाकं काढली तर डिकीत बसते, नाही काढली तर झाकण लागत नाही, आणि चाकं काढायला मला चार मिनिटं लागली त्यात मुलगी दोनदा रडली. मुलीला मागे बसवून बघितलं, सरळमार्गी म्हणाले तसं डोकं आपटलं, माझं नाही, नवऱ्याचं. पण खरी गंमत पुढे, टेस्ट ड्राइव्हला तो एक चक्कर म्हणून गेला आणि पंचवीस मिनिटांनी आला. उतरल्यावर काही बोलला नाही, फक्त विचारलं की हा रंग लवकर खराब होतो का.

उद्या पांडा बघायला जाणार आहोत, त्याच वर्षाची, 1.2 च. दोन्ही बघूनच ठरवू असं घरात ठरलंय.

जुनागिअर:
ते सगळं ठीक. बेल्टचं बिल मागितलं का?

लिंबूटिंबू:
अय्यो. विसरले.