सोसायटीत सोलरचा प्रस्ताव मांडण्याआधी आणखी काय तपासू?

नमस्कार मंडळी,

पुण्यात 24 फ्लॅटची आमची जुनी सोसायटी. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरसाठी गच्चीवर सोलर बसवावं असं डोक्यात आहे. पण गेल्या वर्षीच्या सभेत तोंड पोळलंय. ओल्या कचऱ्याच्या खताचा प्रस्ताव मोठ्या उत्साहाने मांडला आणि मागून एका काकांनी विचारलं, "पावसाळ्यात त्याचं पाणी कुठे जाणार?" माझी बोलती बंद. विषय तिथेच संपला. म्हणून या वेळी आधी गृहपाठ.

बारा महिन्यांची बिलं काढली. सरासरी महिना 900 युनिट. एक किलोवॅटमागे दिवसाला साधारण 4 युनिट धरले तर 8 किलोवॅट पुरतील. जागा लागेल अंदाजे 800 चौरस फूट. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 1,44,000. लिफ्ट रात्रीही चालते, पण नेट मीटरिंगमध्ये दिवसाची जादा वीज वीज कंपनीकडे जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. स्थिर आकार मात्र भरावाच लागणार, त्यामुळे विक्रेत्याचं "बिल शून्य" हे वाक्य मी सभेत उच्चारणार नाही.

खरी मजा सावलीत आली. डिसेंबरात सूर्य सगळ्यात खाली, म्हणून तेव्हाच एका रविवारी खडू घेऊन गच्चीवर बसलो. पाण्याची टाकी चौथऱ्यासकट 10 फूट. दुपारी साडेबाराला तिची सावली उत्तरेला 9 फूट, पण सकाळी 9 ला वायव्येकडे चक्क 23 फूट! दर तासाला रेघ मारत गेलो. (बायकोने वर येऊन विचारलं, लंगडी खेळताय का.) सकाळी 9 ते दुपारी 4 अजिबात सावली न पडणारी जागा उरली जेमतेम 900 चौरस फूट. म्हणजे बसतंय, पण कट टू कट.

आता घोडं अडलंय ते इथे. आमच्या दक्षिणेला एक जुना बंगला आहे. तो पाडून तिथे 11 मजले उठणार अशी कुजबुज आहे. आमची इमारत चार मजली! तसं झालं तर हिवाळ्यात माझ्या सगळ्या रेघा पुसल्या जातील.

शेजारच्या प्लॉटचा नकाशा मंजुरीला गेलाय का, हे सोसायटीला महापालिकेत बघायला मिळतं का? माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो की बांधकाम विभागात जाऊन नुसतं विचारलं तरी चालतं? कुणाच्या गच्चीवर पॅनेल बसल्यावर शेजारी टॉवर आला असेल, तर उत्पादन किती घटलं तेही सांगा.

दुसरं, दोन वर्षांपूर्वीच वॉटरप्रूफिंग केलंय. स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड उभे केलेत का कुणी? वादळी पावसात टिकले का? वरच्या मजल्यावरच्या काकू पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि खताच्या वेळचे काका त्यांच्या शेजारीच बसतात.