अजिंक्यताऱ्याचा ढासळलेला तट: बांधायचा की आहे तसा राखायचा?

पहाटफेरी:
परवा सकाळी साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर गेलो होतो. महादरवाज्याचे दोन बुरूज अजून छाती काढून उभे आहेत. पण तटावरून पुढं चालत गेलं की जागोजागी चिरे निखळलेले, सांध्यात पिंपळ रुजलेले. माझं मत सरळ आहे, पडलेला तट पूर्ण उंचीचा बांधून काढा. मराठ्यांची राजधानी होती ही. पोरांना ढिगारा दाखवून काय सांगायचं?

पेठकर:
बांधा, पण कुणाचा? किल्ला शिलाहार भोजाच्या नावावर सांगतात. आदिलशाहीत चांदबिबी इथं कैदेत होती. महाराजांनी घेतला 1673 ला. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेब स्वतः पायथ्याला येऊन बसला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी त्याला चार महिन्यांवर झुंजवला. 13 एप्रिल 1700 ला दोन सुरुंग उडाले. पहिल्यानं आपली माणसं गाडली गेली. दुसऱ्यानं तट बाहेर कोसळला, तो हल्ल्याला टपून उभ्या असलेल्या मोगलांवरच! तरी त्याच महिन्यात किल्ला गेला, आझमतारा झाला. ताराराणींच्या काळात परत आला तेव्हा अजिंक्यतारा. एवढ्या हातांतून गेलेल्या तटाचा 'मूळ' नकाशा कुठून आणणार? तुम्ही बांधाल तो तुमचा तट.

पहाटफेरी:
मग पडू द्यायचा का? शाहू महाराजांच्या वेळी कुणी असा काथ्याकूट केला असता तर आज ढिगाराही दिसला नसता.

गवंड्याचा नातू:
दोघंबी थांबा जरा. तट म्हंजे एकसंध भिंत न्हवं. दोन्ही अंगाला घडीव दगड, मधी दगडगोट्यांचा भराव. पावसाचं पाणी वरनं त्या भरावात उतरतंच. चुन्याच्या दरजा, म्हंजे दगडांमधले सांधे, ती ओल बाहेर सोडत्यात. आमच्या आजोबांच्या हाताखाली चुना घाण्यात मळला जायचा, आठवडेच्या आठवडे भिजत पडायचा. आता येतो ठेकेदार, सिमेंटनं दरजा भरतो आणि फोटो काढून जातो. पाणी आत कोंडतं, भिंतीला पोट सुटतं, मग एका पावसाळ्यात सगळं खाली.

पहाटफेरी:
काळा पाषाण आहे राव, पाणी पीत नाही तो. उगाच घाबरवू नका.

गवंड्याचा नातू:
दगड पीत न्हाई, भराव पितो. शुक्रवार पेठेत आमच्या वाड्याच्या जोत्याला वडिलांनी हौसेनं सिमेंट मारलं. तिसऱ्या पावसाळ्यात कोपऱ्याचा चिरा चार बोटं पुढं आला. अजून तसाच हाय. बघायला या, चहा पाजतो.

माहुलीची लेक:
काका, तुमचं पटलं. पहाटफेरी दादा, तुमची तळमळही खोटी नाही, पण पूर्ण उंचीचा हट्ट सोडा. पडलेले चिरे तिथंच उतारावर आहेत. त्यांची जागा ठरत असेल तिथं चुन्यात बसवावेत, बाकीचा तट आहे तिथं धरून ठेवावा. अर्थात जाणकारांच्या देखरेखीखाली, आपल्या हौसेनं नव्हे. आणि आधी त्या पिंपळांचं बघा.

पहाटफेरी:
पिंपळाला काय, रविवारी दहा जण जमवतो, तासाभरात उपटून टाकू.

गवंड्याचा नातू:
उपटलात तर मुळाबरोबर दोन चिरे हातात येतील. नुसता छाटलात तर श्रावणात दुप्पट फुटंल. मूळ जाग्यावरच मारावं लागतं, ते बी परवानगी काढून. रविवारी सकाळी साडेसहाला 'चार भिंती' स्मारकापाशी या, कुठं कुठं रुजलेत ते नुसतं मोजून येऊ. कोयता घरी ठेवा.