अनुभव धागा : लेख, बातमी, जाहिरात वाचून मुलांनी प्रतिसाद कसा लिहावा?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळा-कॉलेजांत विद्यार्थ्यांकडून 'प्रतिसाद वही' लिहून घेणाऱ्यांसाठी हा धागा. ललित लेख, बातमी आणि जाहिरात यांवर मुलांनी स्वतःचं म्हणणं लिहायचं असतं. बहुतेक वह्यांत सारांश नाहीतर सुविचार सापडतात. तुम्ही नेमकं काय करून घेता, गाडी कुठे अडते आणि का अडते, ते लिहा. आठवणी नकोत, रीत सांगा.

तापीकाठ
दोनशे पानी वही घ्यावी. डाव्या पानावर कात्रण किंवा उतरवलेला उतारा, उजव्या पानावर प्रतिसाद. कात्री लावण्याआधीच वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक लिहून घ्यायचा, कात्रण सुटं झालं की हे परत सापडत नाही. पातळ डिंक सगळीकडे फासला तर कागद सुरकुततो आणि मागची छपाई पुढे उमटते. कांडीचा गोंद फक्त चार कडांना लावावा.

लेख दोनदा वाचायचा. पहिल्यांदा हातात काही नको. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन समासात तीनच खुणा : पटलं तिथे बरोबरची खूण, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, दचकायला झालं तिथे उद्गारचिन्ह. लिहायला सुरुवात शेवटच्या दोन खुणांपासून करायची, कारण पटलेल्या ओळीवर मुलं 'हे अगदी खरे आहे' एवढंच लिहून थांबतात. पहिल्या वाक्यात लेखातली ओळ जशीच्या तशी, अवतरणात. सारांश एकूण मजकुराच्या पाव हिश्शाच्या वर जाऊ द्यायचा नाही. १२० ते १५० शब्द पुरतात.

फरक दिसावा म्हणून एक नमुना. विषय : मोट बंद पडल्याची हळहळ सांगणारा लेख.

कच्चा प्रतिसाद : 'हा लेख खूप छान आहे. लेखकाने ग्रामीण जीवनाचे सुंदर वर्णन केले आहे. आपण जुन्या गोष्टी जपल्या पाहिजेत.'

पक्का प्रतिसाद : 'मोटेच्या कुरकुरण्यावर लेखात पूर्ण परिच्छेद आहे. पण पहाटेपासून मोट हाकणाऱ्या माणसाच्या हातांवर एक ओळही नाही. विहिरीवर पंप बसला तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं, असं आजी सांगते. म्हणून ही हळहळ मला अर्धीच पटली.'

दुसऱ्यात मुलाने लेखात काय नाही हे हेरलं, घरचा संदर्भ दिला आणि 'अर्धीच पटली' म्हणायचं धाडस केलं. हे धाडस शिकवावं लागतं. दहावीच्या कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) 'तुमचं मत लिहा' असा स्वमताचा प्रश्न असतो, त्याला मुलं धड्याच्या बाजूचं, सुरक्षित उत्तर देत आलेली असतात. लेखकाशी असहमत झालं तर गुण कापले जातील, ही भीती आधी तोंडी काढून टाकावी.

कापूसपट्टा
बातमीबद्दल. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे हे सहा ककार मुलं पटापट शोधतात. खरं काम त्याच्या पुढे आहे. बातमीतल्या क्रियापदांखाली रेघ मारायला सांगा. 'म्हणाले', 'दावा केला', 'कबूल केले', 'आरोप फेटाळला' यातल्या प्रत्येकात बातमीदाराचा कल दिसतो. 'म्हणाले'च्या जागी 'कबूल केले' घालून वाचलं की बोलणारा एकदम गुन्हेगार वाटायला लागतो. हे वर्गात एकदा मोठ्याने वाचून दाखवावं, मग सांगायला लागत नाही.

आकड्याची बातमी आली की 'हा कशाचा आकडा?' हा एकच प्रश्न. आपल्या भागात कापसाचं उदाहरण चांगलं चालतं. समजा मथळा आहे, 'कापसाला ८११० रुपये भाव'. २०२५-२६ हंगामात ८११० हा लांब धाग्याच्या कापसाचा क्विंटलमागचा हमीभाव, मध्यम धाग्याचा ७७१०. तोही ८ टक्के ओलाव्याला. त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कपात आणि १२ टक्क्यांच्या वर सीसीआय (हमीभावाने खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ) माल घेत नाही. म्हणजे १२ टक्के ओलाव्याच्या कापसाला ८११० मधून ३२४ रुपये ४० पैसे जाऊन साधारण ७७८६ उरतात. खेडा खरेदी करणारा, म्हणजे गावात येऊन माल घेणारा व्यापारी काय देतो, ते आणखी निराळं. मुलाने एवढा हिशेब उजव्या पानावर मांडला की शेवटी 'मथळा वाचून मला काय वाटलं आणि हिशेबानंतर काय वाटलं' एवढं दोन वाक्यांत लिहायचं. हाच प्रतिसाद.

बाजार समितीच्या दरांचंही तसंच. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात. मथळ्यात बहुधा कमाल जातो. कमाल दर किती क्विंटलला मिळाला हे बातमीत नसेल, तर 'नाही' असं लिहायचं. जे बातमीत नाही त्याची नोंद हाही प्रतिसादच.

जोडीनं वाचायला एकाच घटनेच्या दोन बातम्या द्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हाचे वेगवेगळ्या वर्तमानपत्रांचे अंक वाचनालयात शोधावेत. पहिलं वाक्य, फोटो आणि कोणाचं बोलणं छापलं, या तीनच गोष्टींची तुलना करायची. जास्त दिल्या की तक्ता भरला जातो, विचार होत नाही.

सातपुडा पायथा
कापूसपट्टा भाऊंच्या मुद्द्याला जोडून जाहिरातीचं लिहितो. इथे मुलं एका वाक्यात विषय संपवतात : 'जाहिराती फसव्या असतात, त्यांना भुलू नये.' हा उपदेश झाला. जाहिरातीने तुझ्या मनात काय हलवलं, ते लिहायचं असतं.

आधी कंपनीचं नाव बोटाने झाका. चित्रात कोण आहे, कोणाकडे बघतोय, घर कसं आहे? मग दावा शोधा. 'उत्पादनात ३० टक्क्यांपर्यंत वाढ' यातला 'पर्यंत' हा शब्द गोल करा : शून्य टक्के वाढ झाली तरी हे वाक्य खोटं ठरत नाही. त्यानंतर तारांकन आणि त्याखालचं बारीक अक्षर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टंकात (फाँटमध्ये) हवा. मराठी जाहिरातीखाली इंग्रजीत अटी दिसल्या की मुलाला लिहायला ठोस मुद्दा मिळतो.

निकालानंतर चौकाचौकात लागणारे क्लासचे फ्लेक्स यासाठी फार उपयोगी. प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी वेगळ्या सूचना काढल्या : निवड झाल्यावर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचा फोटो वापरायचा नाही, आणि त्याने कोणता कोर्स, किती काळाचा, पैसे भरून की मोफत केला तेही सांगायचं. फ्लेक्सवर यातलं काय आहे आणि काय नाही, मुलांनी तपासावं. मधुमेह मुळापासून बरा करण्याच्या जाहिरातीवर १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे, हेही मुलांना माहीत असू द्या. घरातली माणसं अशा कात्रणांवर विश्वास ठेवतात.

आणि बातमीसारखी दिसणारी जाहिरात वेगळी ओळखायला शिकवा. कोपऱ्यात बारीक 'जाहिरात' लिहिलेलं असतं, टंक थोडा निराळा असतो, बातमीदाराचं नाव नसतं, कोणाचीच उलट बाजू नसते.

पांझरा
एक छोटी पण मोठ्या उपयोगाची गोष्ट. पहिला खर्डा घरच्या बोलीत लिहू द्या. 'हाई जाहिरात माले पटनी नही' असं लिहिलं की पुढे कारण आपसूक येतं. 'प्रस्तुत जाहिरात मला योग्य वाटत नाही' असं सुरू झालं की पेन थांबतं. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पावरी, भिली बोलणाऱ्या मुलांना आधी बोलू द्यावं, जोडीदाराने मुद्दे टिपावेत. प्रमाण मराठीत आणताना कारणं गळत नाहीत ना, एवढंच बघायचं.

तापीकाठ
पांझरा ताईंशी सहमत. अंतिम मजकुरातही बोलीतला एखादा शब्द राहिला तर मी गुण कापत नाही. माझी विभागणी दहापैकी अशी : ओळीचा आधार ४, कारण ३, स्वतःचा संदर्भ २, भाषा १.

गिरणाकाठ
गाईडमधून किंवा मोबाईलवरून उतरवलेले प्रतिसाद कसे ओळखता?

तापीकाठ
तसा प्रतिसाद कोणत्याही लेखाला चिकटतो, त्यात पानावरची एकही ओळ नसते. पेन्सिलच्या खुणांसकट कात्रण आणि बोलीतला खर्डा एकत्र मागा. मग तोंडी दोन प्रश्न : 'इथे उद्गारचिन्ह का?' आणि 'ही ओळ काढली तर तुझं मत बदलेल का?' लिहिणाऱ्याला उत्तर देता येतं.

गिरणाकाठ
पाड्यावर वर्तमानपत्रच पोचत नसेल तर?

सातपुडा पायथा
बियाण्याचं पाकीट, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, एसटी स्टँडच्या भिंतीवरची रंगवलेली जाहिरात, किराण्यासोबत आलेला रद्दीचा कागद, सगळं चालतं. भिंतीवरचा मजकूर शुद्धलेखनाच्या चुकांसकट तसाच डाव्या पानावर उतरवायचा आणि शेजारी जागा लिहायची. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. तसं आठवड्याला एक पान वर्गातच काढता येतं : पाड्यावरच्या दोन बातम्या, एक लेख. मग पुढच्या आठवड्याचे प्रतिसाद त्याच पानावर. लिहिणारा समोरच बसलेला असल्यामुळे मुलं 'छान आहे' लिहून सुटत नाहीत, तो लगेच विचारतो, कुठलं वाक्य?